भत्ता चालू आहे, दोन पैसे कमवू का?

आजारपणाचा भत्ता किंवा अपंगत्वाचं अनुदान मिळत असताना घरच्या घरी छोटं काम सुरू केलं तर चालेल का, असं विचारणारी बरीच पत्रं या खेपेला आली. त्यातली चार घेतली आहेत. माझी नोकरी कामगार विम्याच्या (ईएसआय) खिडकीमागे गेली. आता निवृत्त आहे, तरी नागपुरात मानेवाड्याच्या घरी लोक कागदांची पिशवी घेऊन येतातच. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी हुडकेश्वरला राहते. बुटीबोरीच्या एका गारमेंट कंपनीत आठ वर्षांपासून शिलाई मशीनवर आहे. मागच्या वर्षी उजव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं. सध्या विम्याचा वाढीव आजारपण भत्ता मिळतो. घरी मशीन आहे. लगनसराई तोंडावर आली, शेजारणी ब्लाऊज शिवून देता का म्हणून विचारून राहिल्या. रोज दोन-तीन तास बसले तर घराला हातभार लागेल, माझाही जीव रमेल. मिस्टर म्हणतात, भत्ता बंद होईल. जाऊबाई म्हणतात, माझ्या नावावर कर, कोणाला कळते? तुम्हीच सांगा, काय करू?

उत्तर : ताई, एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठून तुम्हाला मशीनवर बसावंसं वाटतंय, हे वाचून फार बरं वाटलं. त्या इच्छेला नाही म्हणायचं नाहीये. पण खात्यात येणारा पैसा कशाबद्दल येतो, ते आधी पाहू, कारण बाकी सगळं त्यावरच ठरतं.

तुमचा भत्ता बुडालेल्या रोजीबद्दल आहे. डॉक्टर लिहून देतात की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ही बाई काम करू शकत नाही, आणि त्या प्रत्येक दिवसाचे पैसे विमा देतो. साध्या आजारपणात सरासरी रोजीच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. कॅन्सर, क्षयरोग, मूत्रपिंड निकामी होणं अशा यादीतल्या ३४ दीर्घ आजारांना ८० टक्के, आणि तेही दोन वर्षांपर्यंत वाढवता येतं. त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि मागच्या चार वर्गणी-काळांत (एक काळ सहा महिन्यांचा) मिळून निदान १५६ दिवसांची वर्गणी लागते. ते तुमचं भरलेलं आहे, म्हणूनच भत्ता सुरू झाला.

आता कळीचा नियम. १९४८च्या कामगार विमा कायद्यापासून तो असा आहे : ज्या दिवशी काम केलं, त्या दिवसाचा भत्ता नाही. त्यात अर्धा दिवस, दोन तास असली सवलत नाही. काम कंपनीत केलं की घरच्या ओट्यावर, यानंही फरक पडत नाही. तुमच्या हातातलं सर्टिफिकेट ‘काम करू शकत नाही’ असं सांगतं आणि त्याच तारखांना तुम्ही पैसे घेऊन ब्लाऊज शिवताय, या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत.

पैशांत मांडून पाहा. तुमची सरासरी रोजी ५५० रुपये धरली तर भत्ता दिवसाला ४४० होतो. अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई ३०० धरू. त्यातून अस्तर, दोरा, हुक, कॅनव्हास वजा केले की हातात दोनशे-सव्वादोनशे उरतात. आज तुमच्या हातून दिवसाला एकच ब्लाऊज होईल. म्हणजे दोनशे मिळवायला चारशे चाळीसवर पाणी सोडायचं. लगनसराई कितीही जोरात असली तरी हा सौदा परवडणारा नाही.

जाऊबाईंचा सल्ला मनातून काढूनच टाका. त्या प्रेमापोटीच बोलल्या असतील. पण दाव्याच्या कागदावर सही तुमची असते, जावेची नाही. चुकीच्या माहितीवर घेतलेला भत्ता परत भरावा लागतो आणि खोटं लिहून दिल्याबद्दल शिक्षेचीही तरतूद आहे. शिवाय मोहल्ल्यात ब्लाऊज कोण शिवतं हे लपत नाही. तुमची केस स्वच्छ आहे, आजार खरा आहे, कागद पूर्ण आहेत. तिला डाग लागू देऊ नका.

आता तुमच्या हाताबद्दल, कारण मला पैशांपेक्षा त्याची जास्त काळजी वाटते. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज धरण्याची भीती पुढेही राहते. त्या हाताला सुई टोचली, इस्त्रीचा चटका बसला आणि जंतू गेले, तर सूज येऊ शकते आणि एकदा आलेली सूज लवकर हटत नाही. तुमचा उजवा हात म्हणजे कात्रीचा हात. जाड ब्रोकेड आणि खाली अस्तर असा दुहेरी थर कापायला केवढा जोर लागतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मुंढा जोडताना खांदा किती वेळ उचललेला राहतो, तेही. पिको-फॉल, हुक लावणं, तुरपाई ही त्या मानानं हलकी कामं, पण सुई तिथेही आहेच. म्हणून पुढच्या तारखेला डॉक्टरांना नुसतं ‘काम करू का’ असं विचारू नका. कोणतं काम, सलग किती वेळ, कात्री चालेल का, इस्त्री चालेल का, टोपण घालून सुई धरली तर चालेल का, असं एकेक विचारा आणि केसपेपरवर लिहून मागा. डॉक्टर तोंडी ‘थोडं थोडं करा’ म्हणाले तर त्याचा अर्थ घरातली हालचाल असाही असतो, आणि तोंडी बोलणं उद्या दाखवता येत नाही. भत्ता घेणाऱ्यानं बरं होण्याला बाधा येईल असं काही करू नये, ही अटही त्याच कायद्यात होती.

मग वाट काय? भत्ता चालू आहे तोवर शिलाईचे पैसे घेऊ नका, ऑर्डरीही घेऊ नका. डॉक्टरांनी हाताला परवानगी दिली तर घरातलं उसवलेलं शिवा, लेकीचा फ्रॉक शिवा. त्यानं हात किती चालतो ते तुमचं तुम्हालाच कळेल. किती मिनिटांनी खांदा भरतो, दुसऱ्या दिवशी बोटातली अंगठी घट्ट होते का, हे पाहत जा. ज्या दिवशी डॉक्टर म्हणतील की आता काम करू शकता, त्या दिवशी शेवटचं, म्हणजे कामावर रुजू होण्याचं सर्टिफिकेट घ्या आणि भत्ता बंद करा. त्यानंतर सकाळ-संध्याकाळ ब्लाऊज शिवले तर विम्याकडून कुणी विचारणार नाही. पुढे नोकरी आणि वर्गणी चालू असताना दुखणं उलटलं, तर नवं सर्टिफिकेट घेता येतं. आधी वापरलेले दिवस मोजणीत धरतात, एवढंच.

आणि एक. ‘आता घरीच शिलाई करते’ म्हणून उत्साहाच्या भरात कंपनीला राजीनामा लिहून देऊ नका. तुमच्यासाठी विम्याची खरी किंमत रोख भत्त्यात नाही, उपचारात आहे. पाच-पाच वर्षं चालणाऱ्या गोळ्या, तपासण्या, स्कॅन हा खर्च ब्लाऊजवर निघत नाही. एप्रिल ते सप्टेंबर भरलेल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंतचे लाभ मिळतात, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरपर्यंतचे. नोकरी सुटली की हे चाक तिथेच थांबतं, कारण स्वतःचा धंदा करणाऱ्याला या विम्यात वर्गणी भरता येत नाही. कधी सोडायचीच वेळ आली, तर आधी रेशनकार्ड आणि आधारकार्डावरची नावं जुळवून घ्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ठरलेल्या रुग्णालयांत, ठरलेल्या उपचारांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण त्या यादीत तुमच्या गोळ्या आणि तपासण्या बसतात का, हे रुग्णालयात बसणाऱ्या या योजनेच्या मदतनिसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, विचारल्याशिवाय एकही कागद सही करू नका.

प्रश्न : मी हिंगणा एमआयडीसीत प्रेस मशीनवर होतो. अपघातात डाव्या हाताची दोन बोटं गेली. जखम अजून पूर्ण भरलेली नाही, विम्याकडून पैसे चालू आहेत. मेडिकल बोर्ड व्हायचा आहे. साळ्याचं सावजी भोजनालय आहे, संध्याकाळी गल्ल्यावर बसतो का म्हणून विचारतो. पगार नाही देणार, नफ्यात थोडा वाटा देईन म्हणतो. पुढे स्वतःचा डब्यांचा धंदा टाकायचा विचार आहे. बोर्डाला कळलं तर पेन्शन कापतील का?

उत्तर : भाऊ, तुमचे दोन टप्पे आहेत आणि दोन्हींचे नियम वेगळे.

आज मिळतो तो तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ, रोजीच्या ९० टक्के. तो वरच्या ताईंसारखाच बुडालेल्या दिवसांचा पैसा आहे. नफ्यातला वाटा घेऊन गल्ल्यावर बसणं हेही कामच. तेव्हा जखम भरून सर्टिफिकेट बंद होईपर्यंत साळेबुवांना थांबायला सांगा. उघड्या जखमेनं भोजनालयात बसूही नये.

बोर्डानं कायमचं अपंगत्व ठरवलं की पैशाचं कारण बदलतं. तो पैसा गेलेल्या बोटांबद्दल आणि त्यामुळे कमी झालेल्या कमाईच्या ताकदीबद्दल असतो. कायद्याच्या तक्त्यात एका हाताची दोन बोटं जाणं म्हणजे २० टक्के. रोजी ६०० असेल तर पूर्ण दर (९० टक्के) ५४० आणि त्याचे २० टक्के म्हणजे दिवसाला १०८ रुपये, महिन्याला सव्वातीन हजारांच्या आसपास. हे जन्मभर मिळतं, आणि तुम्ही नोकरी करा, डबे पुरवा, भोजनालय चालवा, कमाई वाढली म्हणून ते कापत नाहीत. बोर्ड हात पाहतं, गल्ला नाही. त्यामुळे बोर्डासमोर आपल्याला काहीच जमत नाही असं दाखवायची गरज नाही. जे आहे ते सांगा. मूठ वळते का, पकड किती राहिली, थंडीत ठणका लागतो का, हे नीट सांगा. अपघाताचा रिपोर्ट आणि जुने एक्स-रे सोबत न्या.

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांची आहे, पाचपावलीत राहते. दोन्ही पायांनी ६५ टक्के दिव्यांग आहे, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र आहे. संजय गांधी निराधारचं अनुदान मिळतं. वडील नाहीत. आई दोन घरी स्वयंपाक करते, महिन्याचे तीन हजार येतात. माझं बी.कॉम. झालं. घरी कॉम्प्युटर आहे. पोरांचे कॉलेजचे, स्कॉलरशिपचे फॉर्म भरून द्यायचे, बायोडाटा टाइप करून द्यायचे, असं दुपारी काही तास करायचं आहे. एक एजंट म्हणाला, उद्यम नंबर काढला की अनुदान बंद होते. आई घाबरली आहे.

उत्तर : पोरी, आईला आधी सांग की उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, केली म्हणून अनुदान बंद होत नाही. ती नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तुझी तू दुपारी बसून करू शकतेस. एजंटला त्यासाठी एक रुपयाही देऊ नकोस.

तुझा पैसा कशाबद्दल आहे? इथे दिवसांचा किंवा कामाचा संबंध नाही. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आणि कुटुंबाची कमाई कमी, या दोन गोष्टींबद्दल तो आहे. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. अनुदान ऑक्टोबर २०२५पासून १,५०० वरून २,५०० झालं, म्हणजे वर्षाचे ३०,०००. काम करायला मनाई नाही. मर्यादा ओलांडायला आहे.

आता वही घे. आईचे वर्षाचे ३६,०००. मर्यादेत तुझ्यासाठी उरले १४,०००. तेवढ्यापर्यंत कमावलंस तर अनुदानही राहतं आणि कमाईही. एक रुपया वर गेला की ३०,००० जातात. म्हणजे वर्षाला १४ हजार ते ४४ हजार यांच्या मधली जेवढी कमाई आहे, तिच्यात तुझ्या घरात, १४ हजारांवर थांबली असतीस तर आले असते त्यापेक्षा कमी पैसे येतील. जास्त काम करून कमी पैसे! ४४ हजारांच्या पुढे गेलीस की मग प्रत्येक रुपया खरोखर तुझा.

मला या नियमाचा मनापासून राग आहे. आईची चार हजारांचीही कमाई नाही आणि लेक दोन-अडीच हजार कमावायला लागली की घर ‘निराधार’ राहत नाही, हा हिशेब कोणत्या घराला लागू पडतो? कमाई वाढेल तसं अनुदान हळूहळू कमी व्हायला हवं, एका फटक्यात नव्हे. आज मात्र नियम हा आहे, आणि तो नीट माहीत असला तर तुला त्यातून वाट काढता येते.

तुझ्या धंद्याचा एक फायदा बघ. मर्यादा वार्षिक आहे, महिन्याची नाही. दहावी-बारावीचे निकाल लागले की जून-जुलैत फॉर्मांची झुंबड उडेल, मग स्कॉलरशिपचे अर्ज, मग विद्यापीठाचे परीक्षा फॉर्म, आणि मधले महिने कोरडे. जुलैत चार हजार आले म्हणून घाबरायचं नाही, वर्षाची बेरीज बघायची. बेरीज करताना कागद, शाई, इंटरनेट, वीज यांचा खर्च वजा कर. उरतो तो नफा हीच तुझी कमाई. वहीत रोजच्या रोज तारीख, फॉर्म कोणता, किती घेतले, किती खर्च, एवढं लिही. नावाच्या जागी फॉर्मचा नंबर टाक आणि लोकांचे आधार क्रमांक त्या वहीत उतरवू नकोस, कॉम्प्युटरवर ठेवूही नकोस. उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलमध्ये जाशील तेव्हा हीच वही तुझं म्हणणं मांडेल. दाखल्यात तुझी कमाई खरी लिही.

पहिलं वर्ष १४ हजारांच्या आत ठेवून बघ, असं मी सुचवेन. गिऱ्हाईक येतं का, खुर्चीवर सलग किती तास बसवतं, उधारी किती राहते, हे सगळं त्या वर्षात कळेल. काम जोरात चाललं आणि महिन्याला पाच-सहा हजार खात्रीनं येतील असं दिसलं, तर तहसीलदारांकडे स्वतः अर्ज देऊन अनुदान सोड आणि पोचपावती जपून ठेव. पुढे कमाई खरोखर घटली तर पुन्हा अर्ज करता येतो. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून सोडायच्या आधी चार-पाच महिन्यांचा खर्च बाजूला ठेव.

कमाई वाढली तरी यूडीआयडी कार्ड आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र तुझंच राहतं. त्याचा संबंध पायांशी आहे, पैशांशी नाही. एसटीतली ७५ टक्के सवलत राहते. प्रिंटर किंवा बॅटरी बॅकअपला भांडवल लागलं, तर राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडे कर्जाची चौकशी कर. महापालिकेलाही स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखावा लागतो, त्यातून यंदा काय देतात ते झोन ऑफिसात विचार. जिना असेल तर आईला किंवा शेजारच्या दादाला अर्ज घेऊन पाठव, पण पोच घेतल्याशिवाय परत येऊ नको म्हणावं.

प्रश्न : वाडीच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये ट्रक चालवत होतो. मिरगीचे झटके सुरू झाले, डॉक्टरांनी गाडी कायमची बंद केली. पीएफ कापला जात होता. अपंगत्वाची पेन्शन मिळते असं ऐकलं. पण मी तर्री-पोह्यांची गाडी लावली तर ‘हा धडधाकट आहे’ म्हणतील का?

उत्तर : भाऊ, कर्मचारी पेन्शन योजना १९९५मध्ये पाहतात ते एवढंच : नोकरीत असताना अपंगत्व आलं का, आणि तेव्हा करत होता त्या कामाला तुम्ही कायमचे आणि पूर्णपणे अपात्र झालात का. तुमच्या बाबतीत ते काम म्हणजे ट्रक चालवणं. मिरगी असलेल्या माणसानं ट्रक चालवायचा नाही, हे उघड आहे. पोहे विकता येतात म्हणून तुम्ही ड्रायव्हर ठरत नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी या पेन्शनसाठी अर्ज करता येतो, आणि पेन्शन महिन्याला १,००० रुपयांपेक्षा कमी नसते. अर्ज दहा-डी नंबरच्या फॉर्मवर होतो, वैद्यकीय तपासणी होते. तोवर कुणाच्या सांगण्यावरून पेन्शनची रक्कम दहा-सी नंबरचा फॉर्म भरून काढून घेऊ नका, नाहीतर हक्कच संपेल. झटके नोकरीत असतानाच सुरू झाले हे दाखवणारे जुने केसपेपर शोधून ठेवा.

आणि गाडी जरूर लावा, पण तर्रीच्या उकळत्या गंजाजवळ आणि शेगडीपुढे तुम्ही उभे राहू नका. ते घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. तुम्ही प्लेटा लावा, चणे-शेव-कांदा घाला, पैसे घ्या. पहाटे चारला उठून पोहे भिजवायचे असतील तर रात्री नऊला झोपा, कारण झोपमोड झाली की झटका येण्याची शक्यता वाढते. सकाळची गोळी गाडी काढायच्या आधी घ्या, आणि झटका आला तर काय करायचं, काय करायचं नाही, हे शेजारच्या गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा : कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल नाकाला लावायची नाही, पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ला फोन करायचा.